डागी आंबा गोड मानून घ्यावा

हातात पैसे कमी असले की सर्वांत आधी वृत्ती सुधारावी. परिस्थिती सुधारायला वेळ लागतो, कागद लागतात, तालुक्याला चार खेपा होतात आणि दर खेपेला एसटीचं तिकीट पडतं. वृत्ती मात्र घरबसल्या सुधारते, तीही ओसरीवर, बनियनवर बसून. माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याच्या कंपनीत अधूनमधून एक गृहस्थ येऊन सकारात्मक विचार शिकवून जातात. भाऊ ते सगळं मला फोनवर ऐकवतो. म्हणजे ही विद्या मला फुकट मिळाली, म्हणून तुम्हालाही फुकटच देतो आहे. नाहीतरी फणस आणि सल्ला या दोन वस्तूंना आपल्या गावात गिऱ्हाईक नाही.

सुरुवात आंब्यापासून करू, कारण कोकणात राहून तुम्ही गरीब आहात हे बाहेरच्या माणसाला पटत नाही ते आंब्यामुळेच. आजोबांनी कातळ फोडून लावलेली बत्तीस कलमं माझ्या नावावर आहेत. मोहोर आला की तुडतुडे येतात, तुडतुड्यांमागून फवारणी येते आणि फवारणीसाठी वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल त्याच्याही आधी येऊन गेलेली असते. मग झेल्यात, म्हणजे काठीच्या टोकाच्या जाळीत, जो आंबा अलगद उतरला तो पेटीत बसतो आणि वाशीला जातो. ज्याच्यावर डाग पडला, ज्याला माकडाचा दात लागला किंवा जो झेल्यातून निसटून कातळावर आपटला, तो घरात येतो. वाईट वृत्तीचा माणूस इथे म्हणेल, बत्तीस कलमांचा मालक आणि खातो काय, तर आपटलेला आंबा! चांगल्या वृत्तीचा माणूस म्हणतो, डागाशेजारचा गर जरा जास्तच गोड असतो. सात-आठ वर्षं नेटाने म्हणत राहा, तसा लागायलाही लागतो. शिवाय २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता तुम्ही सुरीने कापून टाकता तो डागसुद्धा मानांकित आहे.

हंगाम संपता संपता दलालाची पट्टी येते. ती वाचण्याची एक रीत आहे. वर पेट्यांची संख्या आणि भाव असतो. मग हमाली, गाडीभाडं, तोलाई, दलाली आणि शेवटी ती उचल, असं एकेक वजा होत तळाशी एक आकडा उरतो, लहान मुलाने पाटीवर काढावा तसा. बहुतेक लोक पट्टी वरून खाली वाचतात आणि खचतात. ती खालून वर वाचावी. आकडा वाढत वाढत जातो, मन प्रसन्न होतं.

फणसाबद्दल थोडक्यात. मे महिन्यात तो सकाळी कापा, दुपारी कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, संध्याकाळी बरका आणि रात्री भाजलेल्या आठळ्या अशा चार वेषांत येतो. मुलांनी तक्रार केली तर त्यांना सांगा की शहरात याचे चार गरे प्लास्टिकच्या डब्यात घालून विकतात. मुलं विचारतील, मग आपले का नाही विकत? मुलांना उलट प्रश्न विचारायची सवय लागू देऊ नये.

मासळीचं गणित त्याहून सोपं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या एकसष्ट दिवसांत तुमच्या ताटात मासा नसेल, तर तो तुमचा कायद्याबद्दलचा आदर समजावा. उरलेल्या तीनशे चार दिवसांत नसेल, तर ती तुमची आवड. बंदराला जायचं असेल तर लिलाव संपल्यावर जा. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी एव्हाना बर्फात बसून गाडीत चढलेली असतात, त्यामुळे मोह होत नाही. मोहापासून दूर राहण्यासाठी लोक हिमालयात जातात, आपल्याला बंदरावर दहा मिनिटं उशिरा पोचलं की काम होतं. येताना पावशेर जवळा घेऊन या. पावसाळ्याच्या बेगमीत कुळीथ, सुक्या मिरच्या, आमसुलं, मीठ आणि जवळा असला की माणूस चार महिने काही न मागता काढू शकतो. काही मागितलं तरी मिळत नाही हा भाग वेगळा.

आता आनंद म्हणजे नेमका किती, या प्रश्नात तत्त्वज्ञ अडकून पडले असतील. सरकारने तो वजनकाट्यावर सोडवला. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ मिळाला: एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ, एक लिटर पामतेल, सगळं मिळून शंभर रुपयांत. म्हणजे आनंद चार किलोला किंचित कमी भरतो. आमच्या घरात सहा माणसं, तेव्हा माणशी आनंद साधारण साडेसहाशे ग्रॅम आला, पिशवीचं वजन वगळून. फक्त तो यंत्रावर अंगठा उमटल्याशिवाय मिळत नाही. आईच्या अंगठ्यावरच्या रेषा राखेने भांडी घासून घासून कधीच पुसल्या गेल्यात. यंत्राला तो अंगठा माणसाचा वाटतच नाही. त्या दिवशी तिने एकेक करत बोटं लावून पाहिली आणि सातव्या बोटाला ती स्वतः असल्याचं सिद्ध झालं. यातली शिकवण अशी की देवाने दहा बोटं उगाच दिलेली नाहीत.

संकटात वृत्ती कशी ठेवावी, हे मात्र नीट शिकण्यासारखं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. काय ते नाव! सकाळी घरामागच्या वाडीत पोफळी उभ्या होत्या, तिन्हीसांजेला त्या एकमेकींच्या अंगावर आडव्या होत्या आणि आमच्या माजघरातून आभाळ दिसत होतं. भरपाई जाहीर झाली: नारळाच्या झाडाला अडीचशे रुपये, पोफळीला पन्नास. पन्नास रुपयांवर नाराज होणारे लोक मी पाहिले. त्यांनी एक लक्षात घेतलं नाही. नवं रोप लावून सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे पन्नास रुपये खर्च करायची घाई नव्हती. आणि पडलेलं झाड वाया कुठे जातं? पोफळ मधोमध चिरली की पन्हळ होते, माडाचं खोड वहाळावर टाकलं की साकव होतो, झावळ्या विणून झापं होतात, हिरांचे खराटे होतात. आम्ही इतके खराटे वळले की झाडायला अंगण कमी पडलं. वीज यायला काही आठवडे लागले, तेव्हा मी घरात सगळ्यांना म्हटलं, बिल तरी वाचलं. बिल सरासरीने आलं. पण ते येईपर्यंतचे दिवस किती समाधानात गेले, हे कुणी विचारत नाही.

वादळानंतर अर्थातच पुढारी आले. कोकणचा कॅलिफोर्निया करायचं वचन माझ्या वडिलांनीही ऐकलं होतं, मीही ऐकतो आहे. एवढी टिकाऊ वस्तू घरात दुसरी नाही, तांब्याचा बंब सोडला तर.

गणपतीत भाऊ येतो. रेल्वेचं आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आलं, म्हणजे तिकीट न मिळाल्याचं दुःख करायचा कालावधी निम्म्याने कमी झाला. मग तो रस्त्याने येतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. एखादं काम इतक्या चिकाटीने चालू ठेवायला जी वृत्ती लागते, तिच्यावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. तर भाऊ येतो, कंबर धरून पडवीत बसतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, “तुमचं बरं आहे दादा. इथे खर्च कुठे आहे? भाजी परसात, पाणी विहिरीला, हवा फुकट.”

हे वाक्य प्रत्येक चाकरमानी बोलतो आणि त्यावर चिडायचं नाही. उलट वही काढायची आणि हवा जमेच्या बाजूला मांडायची. मी मांडून पाहिली आहे. खर्चाला वाण्याची उधारी, सिलिंडर, मुलीच्या कॉलेजचं एसटीचं पास, आईच्या बीपीच्या गोळ्या, कौलं शाकारणाऱ्याची मजुरी आणि माकडांनी ती पुन्हा फोडल्यावर पुन्हा मजुरी. जमेला हवा. वाणी हवा घेत नाही, त्याच्याकडे स्वतःची आहे. पाण्याचंही तेच. जुलैत अंगणातून वाहून समुद्राला जातं तेवढं पाणी मेमध्ये कळशीत असतं तर आम्ही भावाला पाठवलं असतं. पण मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. तळ दिसणं म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण, असं मी मुलांना सांगत आलो आहे. धाकटा आता आठवीत गेला, तो माझ्याकडे नुसता बघतो.

सगळ्यांत कठीण पाठ म्हणजे आपल्या काटकसरीला योग्य माणसासमोर योग्य नाव देणं. तुमची पेज शेजाऱ्याने पाहिली तर ती ओढाताण असते, सोयरिकीला आलेल्या माणसाने पाहिली तर चिकूपणा असतो आणि शहरातल्या पाहुण्याने पाहिली तर ती जीवनशैली असते. म्हणून पेज पाहुण्यासमोरच प्यावी. गेल्या डिसेंबरात भावाच्या ऑफिसातले चौघे दोन रात्री राहायला आले. त्यांना “एकदम साधं, तुम्ही रोज खाता तेच” हवं होतं. बायकोने मला आत बोलावून विचारलं, “खरंच रोजचं देऊ?” दिलं. उकड्या तांदळाची पेज, आंबोशीचं लोणचं, कुळथाची पिठी, जवळ्याची चटणी. त्यांनी चुलीचे फोटो काढले, धुराने काळ्या झालेल्या भिंतीचे काढले, ठिगळाच्या गोधडीचे काढले. एक जण मला म्हणाला, “काका, तुम्ही लोक किती कमी गोष्टींत सुखी आहात! आम्हाला हे जमत नाही.” मी म्हटलं, सरावाने जमतं. जाताना त्यांनी दोन रात्रींचे पैसे दिले आणि माणशी जेवणाचे वेगळे. मी ते मोजत होतो तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

“कसले रे पैसे?”

“जेवणाचे.”

“पेजेचे?” ती पायरीवर बसलीच. “पेजेचे पैसे घेतलेस? कुणी सांगितलान तुला?”

तिला सकारात्मक विचार समजावून सांगायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. सत्तरी ओलांडलेल्या माणसांवर या विद्येचा परिणाम होत नाही, असं दिसतं. त्यांनी फार काटकसर केलेली असते.

तेव्हा शेवटचा उपाय सांगतो, तो स्वतः करून पाहिला आहे. वर्षातून एकदा स्वतःचे लाड करावेत, असं भावाचे ते गृहस्थ म्हणतात. यंदा एप्रिलमध्ये मी ठरवलं की पाच डझनांची एक पेटी घरी ठेवायची. झेल्यात अलगद उतरलेला, देठाला चीक सुकलेला, एकही डाग नसलेला आंबा. आईच्या खाटेखाली गवतात आढी लावली. पाचव्या दिवशी माजघरात वास सुटला. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून आधी खाटेखाली वाकायची. सातव्या दिवशी भावाचा फोन आला. त्याच्या साहेबांना बढती मिळाली होती, एक पेटी पाठवून दे, चांगली बघून दे, डाग नको, लोक मोठे आहेत.

वृत्ती चांगली असली की अशा वेळी माणूस सुतळी शोधायला उठतो. मी उठलो. सुतळी घेऊन परत आलो तर आई खाटेखालून एकेक आंबा काढून पेटीत गवतावर मांडत होती. मांडता मांडता तिने सहा आंबे बाजूला घेतले आणि प्रत्येकाला देठाजवळ अंगठ्याच्या नखाने एकेक ओरखडा काढला. तोच अंगठा, जो यंत्राला ओळखू येत नाही.

“हे डागी निघाले,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “ठेव घरात.”