१३ एप्रिलचा कप

परवा एक ओळखीचे सहज म्हणून गेले, "२०१९ला एफसी गोवाने जिंकला तो सुपर कपच ना? आयएसएल कुठे जिंकली?" एफसी गोवा म्हणजे आमचा गोव्याचा फुटबॉल क्लब, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, आणि सुपर कप म्हणजे लीगनंतरची बाद पद्धतीची स्पर्धा. त्यांच्या लेखी तो कप हलकाच. तेव्हा मी गप्प बसलो. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात त्या कपाची गोष्ट सुरू झाली २० डिसेंबर २०१५ला, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. आयएसएलची फायनल, समोर चेन्नईचा चेन्नईयन संघ. मी आणि बाबा डिचोलीहून दुपारीच निघालो होतो. बाबा जन्माचे धेंपोवाले, म्हणजे गोव्याच्या जुन्या धेंपो क्लबचे चाहते, पण २०१४ला हा क्लब निघाला तेव्हा "गोव्याचं नाव लावलंय ना, मग आपलाच" म्हणून पहिल्या मोसमापासून त्याचे झाले. ८७व्या मिनिटाला आमच्या जोफ्रेची फ्री किक जाळ्यात गेली. २-१! पायाखालचा स्टँड हलत होता. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि डोक्यावर गरगर फिरवला. त्यांना असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

९०व्या मिनिटाला चेंडू आमच्याच गोलरक्षक कट्टीमनीला लागून आत गेला. भरपाईच्या वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा मारला. पाच मिनिटांत २-१चे २-३. पंचा बाबांच्या हातात तसाच लोंबत होता. फोंडा येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तेव्हापासून ८५ मिनिटं झाली की बाबा टीव्हीसमोरून उठतात आणि दारात जाऊन अंगणाकडे तोंड करून उभे राहतात.

मग १७ मार्च २०१९. पुन्हा फायनल, या वेळी मुंबईत, बंगळुरूशी. मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत, त्यामुळे अंधेरीला जाणं सोपं होतं. प्रशिक्षक लोबेराचा संघ त्या मोसमात डोळ्यांचं पारणं फेडणारं खेळला होता, एकट्या स्ट्रायकर कोरोचे लीगमध्ये १६ गोल. त्या संध्याकाळी स्टेडियममध्येच बाबांचा मेसेज आला, दोनच शब्द : "भाई गेले." मनोहर पर्रीकर. माझ्या पुढच्या रांगेत नारिंगी जर्सी घातलेली दोन पोरं फोन बघून तशीच खाली बसली. राजकारण कुणाचं काहीही असो, त्या क्षणी प्रत्येक गोवेकराला घराची आठवण आली असणार. जादा वेळेत आमच्या जाहूला लाल कार्ड मिळालं, आम्ही दहा जणांवर आलो, आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर बंगळुरूच्या राहुल भेकेने हेडर मारला. मुंबईचाच मुलगा, मुंबईतच गोल. मराठी माणूस म्हणून एरवी त्याचं कौतुकच वाटतं, त्या रात्री ते जमलं नाही.

हे सगळं पचवून तोच संघ महिन्याच्या आत सुपर कपसाठी भुवनेश्वरला उतरला. आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमधल्या बऱ्याच क्लबांनी सुपर कपवर बहिष्कार घातला होता, हे खरं आहे, नाकारत नाही. पण जमशेदपूरला ४-३ने हरवताना बघणाऱ्याचा जीव कसा वरखाली होत होता, ते बघणाऱ्यालाच ठाऊक. उपांत्य फेरीत ज्या चेन्नई सिटीला (हा चेन्नईयनहून वेगळा क्लब) ३-० हरवलं, ते नुकतेच आय-लीगचे विजेते झाले होते. हे फुकटात मिळालेलं नाही. लीगमध्ये एक दिवस वाईट गेला तर पुढचा शनिवार असतो, कपात तो नसतो. १२० मिनिटं धावून हरलेल्या पोरांनी एप्रिलच्या उकाड्यात पुन्हा दर सामन्याला सगळं पणाला लावायचं, याला हलकं म्हणणं मला पटत नाही.

आणि कपाची किंमतच विचारायची तर २०२५ आठवा. पुन्हा जिंकलेल्या याच सुपर कपने आशियाई क्लब स्पर्धेचं दार उघडलं. त्या आधाराने पात्रता फेरीत ओमानच्या अल सीबला हरवलं, आणि ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल नस्र फातोर्ड्यात खेळायला आला. हरलो १-२, पण आमच्या ब्रायसनने गोल मारला तेव्हा मी ऑफिसमध्ये ओरडलो होतो.

असो, पुन्हा २०१९चं भुवनेश्वर. १३ एप्रिल, शनिवार, फायनल. समोर पुन्हा चेन्नईयनच.

मी डोंबिवलीत टीव्हीसमोर, आई-बाबा डिचोलीत, मध्ये फोन स्पीकरवर. ५१व्या मिनिटाला कोरो. तीनच मिनिटांत चेन्नईयनची बरोबरी, आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. ६४व्या मिनिटाला आमच्या मडगावच्या ब्रँडनने दुसरा मारला. २-१. तोच स्कोअर, तोच प्रतिस्पर्धी. बाबा ८५व्या मिनिटाची वाटच बघायला थांबले नाहीत, तेव्हाच दारात गेले. पुढची सगळी मिनिटं फोनवर फक्त आईचा आवाज होता, "अजून तेवढेच आहेत… अजून तेवढेच."

शिट्टी झाली. क्लबचा पहिलावहिला कप. आईने हाक मारली, "अहो, आत या, संपली."

लांबून बाबांचा आवाज आला, "किती?"

"दोन-एक."

"शिट्टी झाली ना नक्की?"