खुलासा : फर्नांडा मोंतेनेग्रो आणि ऑस्कर
ब्राझीलच्या ज्येष्ठ अभिनेत्री फर्नांडा मोंतेनेग्रो यांना ‘सेंट्रल स्टेशन’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले, असा जो मजकूर सध्या फिरत आहे, तो चुकीचा आहे. 1999 साली त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन होते, मात्र पुरस्कार ग्विनेथ पॅल्ट्रो यांना मिळाला. त्याच भूमिकेसाठी बर्लिन चित्रपट महोत्सवाचे ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मात्र मोंतेनेग्रो यांनी 1998 मध्येच पटकावले होते. घोटाळा बहुधा नावांच्या साधर्म्यामुळे झाला असावा, कारण त्यांची कन्या फर्नांडा टोरेस यांनाही 2025 मध्ये ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’साठी हेच नामांकन मिळाले, आणि ऑस्कर मिळाले ते त्या चित्रपटाला, सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हणून. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक वॉल्टर सॅलेस हेच. दूरचित्रवाणीसाठीचा आंतरराष्ट्रीय एमी मात्र मोंतेनेग्रो यांना 2013 मध्ये खरोखरच मिळाला आहे.