लॅपटॉप मांद्रेत, वायफाय अमेरिकेत

पाऊस लागला की आमच्याकडे, गोव्यात मांद्रेला, वीज दिवसातून चारदा जाते. त्याबद्दल तक्रार नाही, जन्म गेला त्यात. पण वीज आली की घरातले सगळे फोन मुकाट वायफायला लागतात आणि माझा लॅपटॉप तेवढा आंधळा होतो. राउटर डोळ्यांसमोर, हिरवे दिवे लुकलुकतायत, बायको त्याच वायफायवर सीरियल बघतेय. माझ्या यादीत मात्र शेजारच्या होमस्टेची तीन नावं, आणि आमचंच घर गायब!

दोन महिने हा छळ सोसला. कस्टमर केअरचं एकच पालुपद, राउटर बंद करून चालू करा. आणि संताप म्हणजे कधी कधी त्याने जमायचंसुद्धा. शेवटी शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत लॅपटॉप म्हापशाच्या दुकानात नेला. तिथला पोरगा न बघताच म्हणाला, "फॉरमॅट मारूया." मारला. पाचशे रुपये गेले. संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग रात्री एक वाजता पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू करून स्वतःच बसलो. लॅपटॉपच्या आतल्या वायफाय कार्डाची चॅनलची यादी काढली. चॅनल म्हणजे वायफायच्या पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या जागा. 1 ते 11 ठीक. 2467 मेगाहर्ट्झ, चॅनल 12: डिसेबल्ड, म्हणजे बंद. 2472, चॅनल 13: डिसेबल्ड. आणि राउटर कुठे जाऊन बसलेला? 13 वर! तो ऑटोवर. वीज आली की नव्याने चॅनल निवडतो. 13 निघाला की मी मेलो.

हा लॅपटॉप मामेभावाने न्यू जर्सीहून आणला. कार्डाच्या पोटात देश कोरलाय, यूएस. तिकडे वायफायच्या पट्ट्याला लागूनच, 2483.5 मेगाहर्ट्झच्या वर, उपग्रहांसाठी जपलेला पट्टा आहे. तिथे सांडलवंड नको म्हणून कंपन्या 12 आणि 13 बंदच ठेवतात. ठीक आहे, त्यांचा देश, त्यांचा कायदा. पण आपल्याकडे 2400 ते 2483.5 हा सगळा पट्टा 2005 पासून विनापरवाना खुला आहे. 13 वापरणं इथे शंभर टक्के कायदेशीर. तरी मी माझ्याच सोप्यावर बसून अमेरिकेचा नियम पाळतोय.

बरं, सांगायचं कुणाला? विंडोजमध्ये रीजन इंडिया, घड्याळ इंडियाचं, कीबोर्ड मराठी. कार्डाला त्याचं सोयरसुतक नाही. लिनक्सवर देश आयएन, म्हणजे इंडिया, करायची कमांड दिली. एरर नाही, काही नाही! वर छान लिहून आलं, ग्लोबल, कंट्री आयएन. त्याच्या खाली कार्डाची ओळ: सेल्फ मॅनेज्ड, कंट्री यूएस. आपला देश कार्ड स्वतःच ठरवणार. म्हणजे कारकुनाने अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा आणि टेबलाखाली सरकवायचा. नियम नकोत असं मी म्हणत नाही. कुणी पॉवर वाढवून रडारच्या पट्ट्यात धिंगाणा घालू नये, मान्य. पण अरे, ही उचलून न्यायची वस्तू आहे ना? मग देश असा गोंदवून का ठेवता?

आणि 5 गीगाहर्ट्झ, म्हणजे वायफायचा दुसरा पट्टा, वापर म्हणणाऱ्या शहाण्यांनी एकदा आमच्या घरी यावं. आजोबांनी बांधलेलं चिऱ्यांचं घर, दीड हात जाडीच्या भिंती. ते 5 गीगाहर्ट्झ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच धारातीर्थी पडतं.

उपाय एकच होता, राउटरला ऑटोवरून काढून एका चॅनलला बांधणं. त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे. "उद्या येतो" म्हणाला आणि नवव्या दिवशी आला. दोन मिनिटांत 6 वर लावून, चहा पिऊन गेला.

आता लॅपटॉपला घर दिसतं. फक्त होमस्टेचे तिन्ही राउटरसुद्धा 6 वरच आहेत, आणि वर पाहुण्यांची रात्रभर पार्टी. साधी मेल उघडायला मिनिट लागतं. बिचारा राउटर मोकळी जागा बघूनच 13 वर पळत होता.