कोंबडा बाजाराला परवाना? माझा ठाम विरोध आहे

गडचिरोली-चंद्रपूरकडे कोंबडा बाजारावर, म्हणजे पैसे लावून भरवलेल्या कोंबड्यांच्या झुंजींवर, धाड पडल्याची बातमी आली की खाली एक कमेंट हमखास येते. "नाहीतरी जंगलात लपूनछपून चालतंच, मग सरकारने परवाना द्यावा, जागा ठरवून द्यावी, कर घ्यावा." असं म्हणणारे सगळेच जुगारी नसतात. रोजच्या हप्तेखोरीला कंटाळलेली साधी माणसंही हेच म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

हा प्रयोग फिलिपिन्सने करून पाहिला आहे. तिथे झुंजीला 'साबोंग' म्हणतात आणि १९७४ पासून तिचा स्वतंत्र कायदा आहे. एका गावात एकच आखाडा, लोकसंख्या लाखाच्या वर असेल तर दोन. झुंजी रविवारी, सुटीच्या दिवशी आणि गावच्या जत्रेत. शाळा, चर्च, दवाखान्याजवळ आखाडा नाही. आखाड्याच्या मालकालाच नव्हे, तर पंचाला आणि पायाला पातं बांधणाऱ्यालाही परवाना लागतो. कागदावर याहून कडक नियम आपण तरी काय करणार?

मग कोविडमध्ये आखाडे बंद पडले आणि झुंज मोबाइलवर आली. सरकारी जुगार महामंडळाने ऑनलाइन साबोंगला परवाने दिले. रविवारचं बंधन गेलं, रात्रंदिवस घरबसल्या पैसे लागू लागले. सरकारला महिन्याला सुमारे ६४ कोटी पेसो मिळत होते. २०२१-२२ मध्ये या धंद्याशी संबंधित तीसहून अधिक माणसं बेपत्ता झाली. सिनेटर बंदी मागत होते आणि राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते महसुलाचं कारण पुढे करत होते. शेवटी मे २०२२ मध्ये त्यांनीच ते बंद केलं. बेपत्ता माणसांच्या घरचे आजही न्याय मागत आहेत. परवाना दिला की सरकार त्या धंद्यात वाटेकरी होतं, आणि वाटेकरी पहारा देत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

राहिला शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा दाखला; 'त्याला परवानगी मिळते, मग झुंजीला का नाही?' असं काही जण विचारतात. पटाच्या शर्यतींना सुप्रीम कोर्टाने १८ मे २०२३ ला मान्यता दिली, ती बैलांना इजा होऊ नये म्हणून राज्यांनी घातलेल्या अटींसकट. कोंबड्याच्या झुंजीत अशी अट कुठे बसवणार? पायाला लोखंडी काती, म्हणजे धारदार पातं, ठेवून वर दोरा करकचून गुंडाळतात. कोंबडा उडी मारतो आणि समोरच्याची छाती नाहीतर पोट फाटतं. कित्येकदा मिनिटभरात खेळ संपतो. काती काढून टाका म्हणाल, तर दोघं तेवढा जास्त वेळ एकमेकांना फाडत बसतात. इथे इजा हाच खेळ आहे.

शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झुंज लावण्याबरोबरच झुंजीसाठी जागा चालवणं हाही गुन्हा मानतो. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एका डावावर हजारो लावणाऱ्याला याची कसली भीती? धाडी फुकट जातात त्या यामुळेही. पोलीस जुगाराचं कलम लावतात, मोटारसायकली, रोकड, कोंबडे जप्त करतात आणि पुढच्या आठवड्यात बाजार दुसऱ्या झुडपात भरतो.

२०२२ मध्ये केंद्राने या कायद्यातल्या सुधारणेचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. परवाना मागणाऱ्यांनी आपापल्या खासदाराला आधी तो मसुदा कुठे अडला हे विचारावं. मी माझ्या खासदारांना पत्र लिहितोय. सोबत सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा.