घाटात दरड हमखास पाडण्याची रीत

घाटरस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम मिळालंय ना? मग डोंगराला अजिबात भिऊ नका. तो लाखो वर्षं एका जागी बसलाय, पायथा काढून घेतला तरी बसूनच राहील. कापताना सरळ उभा कापा. टप्पे पाडायचे म्हणजे जागा जास्त, भूसंपादन आलं, कोर्टकचेरी आली.

कोकणात वर तांबडी माती नि जांभा, खाली काळा कातळ. माती पाणी पिते, कातळ फारसं पीत नाही. पाणी दोघांच्या मधे साचतं नि वरचा थर सुटतो. हे तोंडी परीक्षेपुरतं पाठ असू द्या, साइटवर नेऊ नका.

कापलेल्या कड्याच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवावं, असं पुस्तकात असतं. पण माथ्यावर चढणार कोण? शिवाय पाहणीला आलेल्या मंत्र्यांना गाडीतून तो चर दिसत नाही. भिंत दिसते. म्हणून भिंत बांधा, चांगली जाडजूड. तिच्यात पाणी निघायला पाइप लागतात, तर पाइपाचे वीतभर तुकडे बाहेरून बसवा. मागे खडीचा थर नको. असे पाइप भर पावसात कोरडे ठणठणीत राहतात. पाइप कोरडा, अर्थात भिंतीमागे पाणीच नाही, असं अहवालात बिनदिक्कत लिहिता येतं. कुणी उतारावर वाळा लावा म्हणेल. मुळं खोल जाऊन माती धरतात, हे खरंच. पण गवताचं बिल ते किती होणार?

गाजलेला पाऊस लक्षात ठेवा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पडला, आंबेनळी घाट जागोजागी खचला. एवढा आकडा तोंडावर फेकला की मोऱ्या कधी उपसल्या होत्या, हे कोण विचारतंय?

प्रवाशांचीही काळजी नको. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये परशुराम घाट कामासाठी रोज दुपारी काही तास बंद असायचा. लोक चिरणी-आंबडसच्या अरुंद रस्त्याने मुकाट गेले.

आणि दरड पडलीच, तर पोकलेन लावून सगळा राडारोडा दरीकडच्या कडेला लोटा. वाहतूक लगेच सुरू, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या मातीने खालची मोरी बुजते, सैल भरावाचं ओझं कडेवर येतं, नि पुढच्या पावसाळ्यात रस्ता खालून जातो. त्या कामाचं अंदाजपत्रक वेगळं. ते आत्ताच टाइप करून ठेवा, तारीख तेवढी मोकळी सोडा.