उसनं घेणारा शिक्षक कॉपी करत नाही

परवा रात्री काटोलकडच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. "मावशी, मी त्या गणित-विज्ञानवाल्या ग्रुपमधून निघून गेली." का, विचारलं तर तिनं एक मेसेज पाठवला. तोच मला आठवडाभरात तीन ठिकाणांहून आला होता. 'खरा शिक्षक उसनं घेत नाही' असं वर लिहिलेलं, खाली चार मुद्दे. दुसऱ्याची वर्कशीट वर्गात वापरणं म्हणजे कॉपी. प्रयोगशाळा नसेल तर विज्ञानाचं साहित्य घेऊन-देऊन उपयोग नाही. शिक्षण परिषदा, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठका, नुसता चहा आणि सह्या. आणि यूट्यूबवर सगळं असताना शिक्षकांनी एकत्र बसायचं कशाला? नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका पोरीनं हे वाचून मदत मागणं बंद केलं. म्हणून लिहिते आहे.

कॉपीचं आधी. परीक्षेत मुलाला स्वतःला काय येतं ते तपासायचं असतं, म्हणून तिथे कॉपी वाईट. वर्गात शिक्षकाची परीक्षा चालू नसते. मुलांना कळलं का, एवढंच पाहायचं असतं. दशांश अपूर्णांक घ्या. 3.45 मोठा की 3.6, असं विचारलं की पुष्कळ मुलं 3.45 म्हणतात, कारण 45 हे 6 पेक्षा मोठे. मी कित्येक वर्षं रुपये-पैसे घेऊन ही चूक काढायला जायची आणि ती आणखी घट्ट व्हायची. मुलं 3.6 म्हणजे 3 रुपये 6 पैसे असंच वाचायची! शेजारच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पैसे सोडा, कागदाची मीटरभर पट्टी घ्या. आधी 10 भाग, मग प्रत्येकाचे 10. मुलांनी बोट ठेवून पाहिलं: 0.45 चौथ्या आणि पाचव्या रेघेच्या मधोमध, 0.6 त्याच्या पुढे. ती पट्टी मी उसनी घेतली. न घेता आणखी एक वर्ष मुलांना चुकीचं शिकवत राहिले असते, तर 'खरी शिक्षिका' ठरले असते का? दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकणं मात्र चूक, ते कुणीच करू नये.

प्रयोगशाळेचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. नागपूरहून भोपाळकडे जाताना इटारसीनंतर होशंगाबाद लागतं, आताचं नर्मदापुरम. तिथे 1972 मध्ये 16 शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. साध्या सरकारी शाळा, स्वस्त किट. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमितीचे आकार करणं, टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी तिथेच रुजवलं. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत, कुठला प्रयोग वर्गात फसला ते सांगत, पुढच्या धड्यांची तयारी करत. त्यांच्या अनुभवावरून 'बाल वैज्ञानिक' ही कार्यक्रमाची पाठ्यपुस्तकं बदलली गेली. 2002 मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला, पण तोवर 30 वर्षं ही पद्धत चालली होती.

चहा-सह्यांच्या परिषदा असतात, हे मान्य करावं लागतं. मीही बसले आहे अशांत. पण मग परिषदेत एक प्रयोग करून दाखवा म्हणावं. ग्रुप सोडून काय होणार?

आणि यूट्यूब. सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजायचा प्रयोग घ्या. 23 सप्टेंबरच्या सुमारास, दुपारी सावली दिवसातली सर्वांत आखूड असताना, 100 सेंटिमीटरच्या उभ्या काठीची सावली नागपुरात साधारण 38.7 सेंटिमीटर पडते, हैदराबादला 31.3. त्यावरून निघणाऱ्या सूर्यकिरणांच्या कोनांत फरक सुमारे 3.8 अंश. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर, सरळ अंतर 420 किलोमीटरच्या आसपास. 3.8 अंशांना 420 किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांना किती? 420 ला 360 नं गुणून 3.8 नं भागा: पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटरच्या जवळ येतो. हे आपल्याच मुलांच्या हातून करवायचं तर तिकडे काठी रोवणारा दुसरा शिक्षक लागतो, व्हिडिओ पाहून भागत नाही.

भाची ग्रुपवर परत आली आहे. येत्या सप्टेंबरसाठी तिला हैदराबादकडची एक शाळा हवी आहे. कुणी ओळखीचं असेल तर कळवा.