दोन चौकोन

मला गडद निळा हवा होता, बायकोला फिकट पिवळा. शेडकार्ड समोर होतं तोवर भांडणाला जोर नव्हता. तिथली पट्टी नखाएवढी असते आणि नखाएवढा कुठलाही रंग सभ्यच दिसतो.

मग रंगाऱ्याकडून खिडकीजवळ दोन चौकोन रंगवून घेतले, एकमेकांना खेटून. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे गालिच्यांच्या कारखान्यातल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार आली होती. त्यानं तपासलं तर रंग निर्दोष, दोष शेजारच्या रंगांचा! त्यावर १८३९ साली त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या भिंतीवर तेच चाललं होतं. पिवळ्याशेजारी माझा निळा जास्तच काळवंडलेला वाटे आणि निळ्याच्या संगतीत तिचा पिवळा भलताच भडक.

"वाळू तरी द्या," रंगारी म्हणाला. "आणि दुसरा हात मारायचाय अजून." पण आमची मतं केव्हाच वाळून घट्ट झाली होती.

दिवसा सामना बरोबरीत सुटायचा. रात्री बल्ब लावला की पिवळा खुलायचा आणि निळा मळका दिसायचा. बल्ब २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. पंचच फितूर! मी गुपचूप ६५०० केल्व्हिनचा दिवा आणून लावला. त्या पांढऱ्या उजेडात निळा असा काही झळकला म्हणता! पिवळा आजारी पडला. दुसऱ्या संध्याकाळी जुना बल्ब जागेवर परत. कोणी बदलला, हे दोघांनीही विचारलं नाही.

मग तिनं आकडे काढले. फिकट पिवळा अंगावर पडलेल्या उजेडापैकी ७० टक्क्यांहून जास्त परत देतो, गडद निळा १० टक्केसुद्धा नाही. "तुझा रंग उधारी बुडवणारा आहे," ती म्हणाली. यावर उत्तर असेल तर मला कळवा. पाहुण्यांना विचारायची सोय नव्हती; ते चौकोनांऐवजी आमचे चेहरे बघून मत देत.

शेवटी तीन भिंती पिवळ्या, एक निळी, असा तह झाला. निळी कोणती, ते ठरवायचा मान तिनं मोठ्या मनानं मला दिला. मी दारासमोरची सर्वांत मोठी भिंत निवडली. रंगाचे दोन्ही हात वाळले, मी लांबून-जवळून पाहून घेतलं आणि बायको शांतपणे म्हणाली, "चल, आता कपाट सरकवायला हात लाव. ते दुसऱ्या कुठल्याच भिंतीला मावत नाही."